धर्मादाय नव्हे, एकजूट
कॅटरिना वादळ, सरकार आणि न्यू ऑर्लिन्सची जनता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

२९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी सहाच्या सुमारास कॅटरिना नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील ब्युरास ह्या गावाजवळ किनाऱ्यावर आदळले. आदल्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात ते पाचव्या, म्हणजे सर्वांत भीषण श्रेणीचे होते; किनारा गाठताना त्याचा जोर तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरला होता. वादळाचा केंद्रबिंदू न्यू ऑर्लिन्स शहराच्या पूर्वेकडून निघून गेला. त्या दिवशी शहर थोडक्यात वाचल्याचे वृत्त अनेक वार्ताहरांनी जगभर पाठविले. हे वृत्त प्रसृत होत असतानाच शहराच्या कालव्यांवरील पूररोधक भिंती कोसळलेल्या होत्या आणि सरोवराचे पाणी गोरगरिबांच्या वस्त्यांत शिरत होते. पन्नासाहून अधिक ठिकाणी बांध फुटले. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हे पाणी पूर्णपणे उपसून काढावयास ११ ऑक्टोबर उजाडला.

मृतांचा आकडा प्रथम १,८३३ असा सांगितला जात असे. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने नोंदी पुन्हा तपासून २०२३ मध्ये तो १,३९२ असा सुधारला. लुइझियानातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे लोक पंचाहत्तरी गाठलेले वा ओलांडलेले वृद्ध होते. जगातील सर्वांत धनाढ्य देशात, वादळाची पूर्वसूचना अचूक मिळालेली असताना, हे घडले. म्हणूनच ही कहाणी आपण नीट अभ्यासली पाहिजे.

आपल्या देशातील श्रोत्यांना तो काळ विसरता येण्याजोगा नाही. त्याच्या सुमारे एक महिना आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रुझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबई बुडाली. त्या रात्री रुळांवरून आणि महामार्गांवरून चालत निघालेल्या लाखो चाकरमान्यांना चहा-बिस्कुटे दिली ती रस्त्याकडेच्या चाळींनी आणि झोपडपट्ट्यांनी. अनोळखी माणसांसाठी दारे उघडली ती सामान्य माणसांनीच. न्यू ऑर्लिन्समध्ये जे दिसले त्याची ओळख मुंबईकराला पटकन पटेल: पाणी वाढते, अधिकारी दिसेनासे होतात आणि शेजारी पुढे येतो.

बांध कोणाचे आणि कोणासाठी?

कॅटरिनाला अनेकांनी ईश्वरी कोप म्हटले. वस्तुस्थिती निराळी होती. १९६५ मध्ये बेट्सी नावाच्या वादळाने ह्याच शहराचा लोअर नाइन्थ वॉर्ड, म्हणजे खालचा नववा प्रभाग, बुडविला होता. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने शहराभोवती संरक्षक बांधांची योजना मंजूर केली आणि तिचे काम लष्कराच्या अभियंता विभागाकडे सोपविले. दशक-दीड दशकात पुरी व्हावयाची ही योजना चाळीस वर्षांनंतरही अपुरीच होती. सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन अॅव्हेन्यूच्या कालव्यांवरील भिंती तर त्यांच्या माथ्यापर्यंत पाणी चढण्यापूर्वीच कोसळल्या. खालची माती किती भार सोसेल ह्याचा हिशेबच चुकलेला होता. जून २००६ मध्ये अभियंता विभागाने आपला अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या प्रमुखाला आराखड्यातील दोष जाहीरपणे मान्य करावे लागले.

दुसरी गोष्ट किनाऱ्याची. मिसिसिपी नदीच्या मुखाशी असलेली पाणथळ जमीन ही वादळी लाटांपुढची नैसर्गिक ढाल होय. नदीला बांधांत कोंडल्यामुळे गाळ तेथे पोहोचेनासा झाला; तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांनी त्या जमिनीत कालव्यांचे जाळे खोदले; खारे पाणी आत शिरले. १९३० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लुइझियानाने सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर भूमी समुद्रात गमावली. जहाजांच्या सोयीसाठी शहराच्या पूर्वेस खोदलेल्या सामुद्रिक कालव्याने दलदलीतील झाडी नष्ट केली. तो कालवा अखेर २००९ मध्ये बंद करण्यात आला. निर्णय करणारे बंदर, तेल आणि जमिनीच्या व्यवहारांतून लाभ घेत होते. जोखीम मात्र सखल भागात राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या माथी मारली गेली होती.

ज्यांच्यापाशी वाहन नव्हते

२००० च्या जनगणनेनुसार न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८५ हजार होती. त्यांपैकी दोन तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते. दर चार माणसांमागे एकाहून अधिक माणसे अधिकृत दारिद्र्यरेषेखाली होती आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक कुटुंबांकडे मोटारगाडी नव्हती.

शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश महापौर रे नेगिन ह्यांनी २८ ऑगस्टच्या सकाळी, म्हणजे वादळ येण्यापूर्वी एक दिवसही पुरा उरलेला नसताना, काढला. ज्यांच्याकडे गाडी, पेट्रोल आणि हॉटेलात राहण्यापुरते पैसे होते ते निघाले. संपूर्ण विभागातून दहा लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. ह्या अर्थाने योजना 'यशस्वी' झाली, असे सरकारी कागद सांगत. परंतु शहरात सुमारे एक लाख माणसे मागे राहिली. महिन्याची २९ तारीख होती. पगार, निवृत्तिवेतन आणि साहाय्याचे धनादेश एक तारखेला येत असत. ज्यांच्या खिशात महिनाअखेरीस काही उरत नाही अशा माणसांना 'स्वतःची व्यवस्था करून निघून जा' असे सांगणे ह्याला स्थलांतराची योजना म्हणता येत नाही. शेकडो शालेय बसगाड्या आगारांत उभ्याच राहिल्या आणि तेथेच बुडाल्या. ते छायाचित्र पुढे जगभर छापले गेले.

हे संकट अनपेक्षितही नव्हते. जुलै २००४ मध्ये 'पॅम' ह्या काल्पनिक वादळाच्या नावाने सरकारी अधिकाऱ्यांनी लुइझियानातच सराव केला होता. शहर बुडेल, गरीब मागे राहतील, हजारो लोक छपरांवर अडकतील, हे सारे त्या सरावात गृहीत धरलेले होते. उणीव ज्ञानाची नव्हती.

सरकार कोठे होते?

केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, म्हणजे फेमा, २००३ मध्ये दहशतवादविरोधी धोरणाच्या भरात नव्या अंतर्गत सुरक्षा खात्यात विलीन करण्यात आली होती. तिच्या प्रमुखपदी असलेल्या मायकेल ब्राउन ह्यांचा पूर्वानुभव अरबी घोड्यांच्या पैदासकारांच्या संघटनेतील होता. २ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांनी त्यांची जाहीर पाठ थोपटली. १२ सप्टेंबरला ब्राउन ह्यांना राजीनामा द्यावा लागला.

दरम्यान सुपरडोम ह्या क्रीडागारात वीस हजारांहून अधिक माणसे विजेविना, पाण्याविना, तुंबलेल्या संडासांच्या दुर्गंधीत दिवस काढीत होती. जवळच्या अधिवेशन केंद्रात तितकेच लोक जमले होते आणि तेथे तर कित्येक दिवस कोणतीही सरकारी मदत पोहोचली नाही. दूरचित्रवाणीवर सारे जग ते दृश्य पाहत होते. वॉशिंग्टनमधील जबाबदार अधिकाऱ्यांना मात्र अधिवेशन केंद्रातील लोकांची माहिती नसल्याचे उघड झाले. ती माणसे तेथून हलविली गेली ३ सप्टेंबरला.

येथे एक न्याय्य भेद केला पाहिजे. सारीच सरकारी यंत्रणा निष्क्रिय नव्हती. तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरांनी आणि होड्यांनी ३३ हजारांहून अधिक माणसांची सुटका केली. राज्याच्या वन्यजीव व मत्स्य खात्याच्या कर्मचाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून होड्या घातल्या. ह्या दलांपाशी साधने होती, सराव होता आणि वरच्या हुकुमाची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा होती. म्हणजे सार्वजनिक यंत्रणा स्वभावतःच नालायक असते, हा निष्कर्ष ह्या घटनेतून निघत नाही. जे असा निष्कर्ष काढतात त्यांना पुढे सार्वजनिक शाळा आणि रुग्णालये विकावयाची असतात.

जेथे सरकार पोहोचले तेथे ते अनेकदा बंदूक घेऊन पोहोचले. ३१ ऑगस्टला, माणसे अद्याप छपरांवर असताना, पोलिसांना सुटकेच्या कामावरून काढून लूट थांबविण्याच्या कामी लावण्याचा आदेश निघाला. खून आणि बलात्काराच्या भयानक अफवा पसरल्या. शहरातील वृत्तपत्राने सप्टेंबरअखेरीस शोध घेतला तेव्हा त्यांतील बहुतेक निराधार ठरल्या. पण तोवर त्या अफवांनी मदत रोखून धरली होती. १ सप्टेंबरला नदीवरील पुलावरून पायी बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांना पलीकडच्या ग्रेटना गावाच्या पोलिसांनी बंदुका रोखून परत पाठविले. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोघे ठार आणि चौघे जखमी झाले. त्या खटल्याचा शेवट होऊन आरोपींनी गुन्हे कबूल करावयास २०१६ साल उजाडले.

शेजाऱ्यांच्या होड्या

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. पहिल्या दिवसापासून माणसे वाचविली ती माणसांनी. ज्याच्याकडे मासेमारीची होडी होती त्याने ती बाहेर काढली. ज्याच्याकडे नव्हती त्याने दाराची फळी, हवेची गादी, मोडका फ्रिज तरंगविला आणि त्यावर म्हाताऱ्यांना व मुलांना बसवून कोरड्या पुलापर्यंत ढकलीत नेले. पश्चिमेकडील लाफायेतच्या परिसरातून कोळी आणि शिकारी आपल्या होड्या गाड्यांमागे बांधून आले. ह्या होड्यांच्या ताफ्याला लोकांनी पुढे 'केजन नेव्ही' असे नाव दिले. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. काही ठिकाणी तर त्यांना अडविण्यात आले. तरीही त्यांनी हजारो लोकांना पाण्याबाहेर काढले.

ज्यांना 'लुटारू' म्हटले गेले त्यांतील कित्येकांनी बंद दुकानांतून पाणी, दूध, लंगोट आणि औषधे काढून सुपरडोमच्या वाटेवरील लोकांना वाटली होती. समाज कोसळला की माणूस पशू होतो, ही समजूत फार जुनी आणि फार सोयीची आहे. न्यू ऑर्लिन्सच्या पाण्यात बहुसंख्य माणसे माणसांसारखीच वागली.

अल्जिअर्समधील दवाखाना

नदीच्या पश्चिम तीरावर अल्जिअर्स नावाचा भाग आहे. तो बुडाला नव्हता. पण तेथे वीज नव्हती, दुकाने बंद होती आणि डॉक्टर निघून गेले होते. शिवाय त्या भागातील एका कोपऱ्यात गोऱ्या शस्त्रधारी टोळ्या रस्ते अडवून कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडीत होत्या. त्यांतील एकाने २०१८ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

अशा परिस्थितीत ५ सप्टेंबर २००५ रोजी मलिक रहीम ह्यांच्या घरी काही माणसे जमली. रहीम हे तेथीलच रहिवासी, एके काळी ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते आणि पुढे भाडेकरूंच्या हक्कांसाठी झगडणारे. त्यांच्याबरोबर शॅरन जॉन्सन आणि टेक्सासहून आलेले स्कॉट क्रो होते. पन्नास डॉलरच्या पुंजीवर सुरुवात झाली, असे संस्थापक सांगत. त्यांनी स्थापलेल्या 'कॉमन ग्राउंड' संघटनेचे ब्रीद होते: धर्मादाय नव्हे, एकजूट.

ह्या ब्रीदाचा अर्थ त्यांच्या कामावरून कळतो. स्वयंसेवक परिचारक सायकलींवरून दारोदार गेले आणि प्रथम एवढेच विचारू लागले: तुमची तब्येत कशी आहे, काय हवे आहे? कोणाचा रक्तदाब वाढलेला होता, कोणाचे इन्सुलिन संपले होते, कोणाच्या पायात खिळा गेला होता. ९ सप्टेंबरच्या सुमारास अल्जिअर्समधील बिलाल मशिदीत दवाखाना उघडला. मशिदीने जागा दिली. ख्रिस्ती, मुसलमान, नास्तिक, गोरे, काळे असे सारे तेथे कामाला लागले. ओळखपत्र, विम्याचा कागद वा पैसा, काहीच मागितले जात नसे. सरकारी दवाखान्यांचा पत्ता नसताना हा दवाखाना रोज रांगा पाहत होता. पुढे त्याची रीतसर संस्था झाली आणि तिने कित्येक वर्षे गरिबांवर उपचार केले.

त्यानंतर घरे साफ करण्याचे प्रचंड काम सुरू झाले. आठवडे पाण्यात राहिलेल्या घरांच्या भिंती काळ्या बुरशीने भरल्या होत्या. आतील सामान, लादी, भिंतींचे थर सारे खरवडून बाहेर काढल्याशिवाय दुरुस्ती अशक्य होती. एका घराला ठेकेदार हजारो डॉलर मागत. कॉमन ग्राउंड, तसेच अॅकॉर्न ही गरीब वस्त्यांतील जुनी संघटना आणि अनेक चर्चसंस्था ह्यांनी हे काम विनामूल्य केले. देशभरातून हजारो विद्यार्थी सुट्ट्यांत आले, तोंडाला मुखवटे बांधून कुजलेले सामान उपसू लागले आणि शाळेच्या इमारतीत जमिनीवर झोपू लागले.

ह्या चळवळीचे दोषही लपविण्याचे कारण नाही. आलेले बहुसंख्य स्वयंसेवक गोरे, तरुण आणि सुशिक्षित होते. वस्ती कृष्णवर्णीय होती. निर्णय कोणी करावयाचे, ह्यावरून वाद झाले. माणसे सतत बदलत राहिल्यामुळे कामात सातत्य राहिले नाही. संघटनेच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांपैकी एक जण पुढे केंद्रीय पोलिसांचा खबऱ्या निघाला. २००८ च्या अखेरीस त्याने स्वतःच ते जाहीर केले. उत्साह असतो पण जबाबदारीची शिस्तबद्ध विभागणी नसते, तेव्हा असे घडते. हा धडा फक्त अमेरिकेपुरता नाही.

शहराच्या पूर्व टोकाला व्हर्साय नावाची व्हिएतनामी वस्ती आहे. ही माणसे १९७५ नंतर निर्वासित म्हणून आलेली. त्यांच्या चर्चचे धर्मोपदेशक फादर व्हिएन ह्यांच्या पुढाकाराने विखुरलेली कुटुंबे ऑक्टोबर २००५ मध्येच परत येऊ लागली. वीज कंपनी म्हणाली, ग्राहक नाहीत. त्यांनी परतलेल्या रहिवाशांच्या नावांची यादीच पुढे केली आणि वीज मिळविली. २००६ मध्ये महापालिकेने वादळाचा कचरा टाकण्यासाठी त्यांच्या वस्तीजवळ उकिरडा उघडला तेव्हा कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी आंदोलन केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो बंद पाडला. त्यांची वस्ती आधीपासूनच एकत्र बांधलेली होती, म्हणून ती लवकर उभी राहिली.

परतण्याचा हक्क

पाणी ओसरल्यावर खरा झगडा सुरू झाला. शहर कोणाचे, हा त्याचा विषय होता. जानेवारी २००६ मध्ये महापौरांच्या पुनर्रचना आयोगाचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यावर काही सखल वस्त्यांच्या जागी हिरवी वर्तुळे होती. तेथे भविष्यात उद्याने व्हावयाची होती. आपले घर हिरव्या वर्तुळाखाली गेल्याचे लोकांना वृत्तपत्रातून कळले. ब्रॉडमूर वस्तीच्या रहिवाशांनी घरोघरी फलक लावले, सभा घेतल्या, स्वतःची योजना लिहिली आणि वस्ती वाचविली. परतण्याचा हक्क ही मागणी 'पीपल्स हरिकेन रिलीफ फंड' सारख्या संघटनांनी शहराबाहेर विखुरलेल्या निर्वासितांपर्यंत नेली.

परंतु प्रत्येक आघाडीवर विजय मिळाला नाही. सरकारी गृहवसाहतींच्या चार मोठ्या संकुलांतील सुमारे साडेचार हजार घरे पाडण्याचा ठराव महापालिकेने २० डिसेंबर २००७ रोजी एकमताने संमत केला. त्यांतील पुष्कळ इमारती पक्क्या विटांच्या आणि दुरुस्त करण्याजोग्या होत्या. सभागृहाबाहेर अडविलेल्या भाडेकरूंवर पोलिसांनी मिरीचा फवारा आणि विजेचे झटके देणारी हत्यारे वापरली. १७३६ मध्ये स्थापन झालेले, गरिबांचे म्हणून ओळखले जाणारे चॅरिटी रुग्णालय बंद झाले ते पुन्हा उघडलेच नाही. त्याच्या जागी आलेले नवे वैद्यकीय केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. सात हजारांहून अधिक शिक्षक आणि शाळा-कर्मचारी कामावरून दूर करण्यात आले. त्यांची संघटना मोडली. राज्याने शंभराहून अधिक शाळा ताब्यात घेतल्या आणि कालांतराने खासगी मंडळांकडे सोपविल्या.

घरमालकांना भरपाई देणाऱ्या 'रोड होम' योजनेत घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत किंवा बांधणीचा खर्च, ह्यांपैकी जी रक्कम कमी असेल ती धरली जाई. कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांची बाजारकिंमत पूर्वापार कमी लेखली गेलेली. त्यामुळे सारख्याच घराला, सारख्याच नुकसानीला, गोऱ्या वस्तीत अधिक आणि काळ्या वस्तीत कमी पैसे मिळाले. न्यायालयीन लढ्यानंतर २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर कित्येकांनी परतण्याचा विचार सोडून दिला होता. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८४ हजारांच्या घरात भरली. कमी झालेल्या लोकांत बहुतेक सर्व कृष्णवर्णीय होते.

मजुरी आणि भारतीय कामगार

८ सप्टेंबर २००५ रोजी, प्रेते अद्याप घरांतच असताना, राष्ट्राध्यक्षांनी आपद्ग्रस्त भागांत १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा स्थगित केला. सरकारी बांधकामावर प्रचलित दराने मजुरी देण्याचे बंधन हा कायदा घालतो. कामगार संघटनांचा आणि काँग्रेसमधील सदस्यांचा विरोध इतका वाढला की दोन महिन्यांनी ही स्थगिती उठवावी लागली. मधल्या काळात ठेकेदार, पोटठेकेदार आणि त्यांचेही पोटठेकेदार अशी साखळी उभी राहिली. वरच्या कडीला कोट्यवधी आणि खालच्या कडीला तुटपुंजी मजुरी, तीही कधी बुडविलेली.

ह्या साखळीत भारतीय कामगारही ओढले गेले. मिसिसिपी राज्यातील पास्कागुला आणि टेक्सासमधील ऑरेंज येथील सिग्नल इंटरनॅशनल ह्या जहाज-दुरुस्ती कंपनीने वादळानंतर भारतातून सुमारे पाचशे वेल्डर आणि पाइपफिटर आणविले. कायम वास्तव्याचा परवाना मिळेल ह्या आश्वासनावर ह्या माणसांनी दलालांना प्रत्येकी दहा हजार डॉलर वा त्याहूनही अधिक रक्कम दिली होती. त्यासाठी कोणी जमीन विकली, कोणी कर्ज काढले. प्रत्यक्षात मिळाला तो अल्पमुदतीचा परवाना आणि कुंपणाआडच्या छावणीतील खोली. एकेका खोलीत चोवीस माणसे, आणि त्यापोटी दरमहा हजार डॉलरहून अधिक कपात. मार्च २००८ मध्ये शंभराच्या आसपास कामगार काम सोडून बाहेर पडले. न्यू ऑर्लिन्समधील कामगार केंद्र आणि त्याचे संघटक साकेत सोनी ह्यांच्या साहाय्याने ते वॉशिंग्टनपर्यंत गेले आणि तेथे उपोषणाला बसले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्यूरीने पहिल्या पाच कामगारांना सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई देवविली. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. न्यू ऑर्लिन्सच्या बुडालेल्या घरांशी आपला काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या पाचशे माणसांची आठवण ठेवावी.

दुसरा मार्ग

कॅटरिनाच्या आधी जुलै २००५ मध्ये डेनिस हे वादळ क्युबावर आदळले. पंधरा लाखांहून अधिक माणसे आधीच हलविण्यात आली. १६ माणसे दगावली. त्याच्या आदल्या वर्षी आयव्हन वादळाच्या वेळी तेथे एकही माणूस दगावला नाही. १९६३ मध्ये मात्र फ्लोरा वादळाने ह्याच बेटावर हजाराहून अधिक बळी घेतले होते. फरक कशाने पडला? फ्लोरानंतर तेथे नागरी संरक्षणाची यंत्रणा उभारली गेली. गल्लीतील समितीकडे वृद्ध, आजारी आणि गर्भार स्त्रियांची यादी असते. कोणाला कोणी न्यावयाचे हे ठरलेले असते. वस्तीतील डॉक्टर बरोबर जातो. बहुतेक लोक सरकारी छावणीत न जाता शेजाऱ्याच्या वा नातलगाच्या पक्क्या घरात राहतात. दरवर्षी मोसमापूर्वी ह्याचा सराव होतो. घरे तेथेही मोडली आणि त्यांची दुरुस्ती रखडली. परंतु माणसे वाचली. क्युबाने कॅटरिनानंतर दीड हजारांहून अधिक डॉक्टर पाठविण्याची तयारी दर्शविली होती. अमेरिकेने ती स्वीकारली नाही. भारताने वायुदलाच्या विमानाने पाठविलेली घोंगडी आणि ताडपत्र्या मात्र सप्टेंबरमध्ये आर्कान्सासमध्ये उतरली.

हे फक्त क्युबात शक्य आहे, असे म्हणावयास जागा नाही. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले गेले, गावागावांत स्वयंसेवकांची पथके तयार झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा जवळजवळ दहा लाख लोक हलविण्यात आले आणि मृत्यूंचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. २०१९ च्या फानी वादळात बारा लाख माणसे हलविली गेली. ओडिशा हे गरीब राज्य आहे. म्हणजे अडचण केवळ पैशाची असते, हेही खरे नाही.

निष्कर्ष

साथींनो, न्यू ऑर्लिन्सच्या अनुभवातून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली: संकटाच्या पहिल्या तासांत माणसाला वाचवितो तो शेजारी. म्हणून मदतकार्याची सुरुवात वादळानंतर होत नाही. ज्या वस्तीत भाडेकरूंची समिती, स्त्रियांचे मंडळ, कामगारांची शाखा आधीपासून जिवंत असते, तेथे कोणाची आजी वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळून आहे हे कोणाला तरी ठाऊक असते.

दुसरी: जनतेचे स्वयंस्फूर्त साहाय्य हे सरकारच्या कर्तव्याला पर्याय ठरू शकत नाही. मशिदीतील दवाखाना रक्तदाब मोजू शकत होता. चॅरिटी रुग्णालय उघडू शकत नव्हता. विद्यार्थी भिंती खरवडू शकत होते. बांध बांधू शकत नव्हते. वादळानंतर सुमारे १,४५० कोटी डॉलर खर्चून नवी पूररोधक व्यवस्था उभारली गेली आणि २९ ऑगस्ट २०२१ रोजी, बरोबर सोळा वर्षांनी, आयडा वादळ आले तेव्हा ती टिकली. बांध टिकले, पण वीज गेली आणि दिवसचे दिवस आली नाही. उकाड्याने वृद्ध दगावले. एक भिंत नीट बांधली म्हणून दुसऱ्या जबाबदारीतून सुटका होत नाही. लोकांच्या औदार्याची स्तुती करून सरकार स्वतःचे अंग काढून घेऊ लागले, तर ती स्तुती नाकारली पाहिजे.

तिसरी: पुनर्बांधणीच्या काळात एकजूट टिकविणे हे पाण्यात उडी घेण्याहून कठीण असते. होड्या परत जातात, वार्ताहर निघून जातात, स्वयंसेवकांच्या सुट्ट्या संपतात. मग नकाशे, ठराव, निविदा आणि नुकसानीचे अर्ज सुरू होतात, आणि गरीब माणूस तेथे एकटा पडला की हरतो. व्हर्सायचे आणि ब्रॉडमूरचे लोक जिंकले, कारण ते अर्ज भरण्याच्या रांगेतही एकत्र उभे राहिले. गृहवसाहतींचे भाडेकरू हरले, कारण ते अनेक शहरांत विखुरले गेले होते आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे लोक पुरेसे नव्हते.

आपल्या किनाऱ्यांवर वादळे येतच राहणार आहेत. समुद्र तापत असल्यामुळे त्यांचा जोर वाढण्याची भीती आहे. तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत एक साधे काम आजच हाती घ्यावे: संकट आले तर कोणाला उचलून न्यावे लागेल, कोणाचे औषध बंद पडता कामा नये, पक्के घर कोणाचे आहे, ह्याची यादी करावी. ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा तपासावी. आणि त्याच यादीच्या आधारे पालिकेकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे निवारा, वाहन आणि बांधाची मागणी लेखी नोंदवावी.